मागच्या चाकाचं बेअरिंग: ड्रम उतरवण्यापासून नट कसण्यापर्यंत

गाडी पन्नास-साठच्या वेगाला पोचली की मागून ‘हूंऽऽ’ असा घुमणारा आवाज यायला लागतो. वेगाबरोबर तो चढतो, आणि गाडी न्यूट्रल केली तरी थांबत नाही. म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यातून सुटले. उरलं टायर नाहीतर बेअरिंग.

इथे उदाहरणाला घेतलेली गाडी म्हणजे मारुती ८०० किंवा जुनी अल्टो या धाटणीची छोटी हॅचबॅक. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, मागे ड्रम ब्रेक. हिच्यात मागे वेगळा हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा मधला भाग) नसतो, ड्रम हाच हब. ड्रमच्या मधल्या भोकात दोन बॉल बेअरिंग घट्ट बसवलेली असतात आणि त्यांच्यामध्ये स्पेसर, म्हणजे एक साधी लोखंडी नळी. हे सगळं एकत्र स्टब एक्सलवर, म्हणजे चाक ज्याभोवती फिरतं त्या आखूड दांड्यावर, सरकतं आणि बाहेरून वॉशर व मोठा नट त्याला धरून ठेवतो. दुसऱ्या रचनांबद्दल शेवटी थोडक्यात लिहिलं आहे, पण आधी तुमची गाडी कुठल्या प्रकारात बसते ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. स्पेअर पार्टच्या दुकानात मॉडेल आणि वर्ष सांगून बेअरिंग मागितलं, तरी काय हातात येतं त्यावरून कळतं: सुटी बेअरिंग आली तर हा लेख, बोल्टांची भोकं असलेला अख्खा गोळा आला तर शेवटचा भाग.

खरंच बेअरिंगच गेलंय का?

रिकाम्या, सरळ रस्त्यावर आवाज सुरू झाल्यावर गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवा. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या बाजूवर, डावीकडे वळताना वाढला तर उजव्या. झिजून खवल्याखवल्यांचे झालेले टायर हुबेहूब असाच आवाज करतात, म्हणून टायरवरून तळहात दोन्ही दिशांनी फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसरीकडून करवतीसारखं लागलं, तर आधी मागचे टायर पुढे टाकून पाहा. आवाजही पुढे गेला तर बेअरिंगला हात लावायचं कारण नाही.

मग गाडी उचला. चाक वर-खाली धरून हलवलं की ‘टक’ करून ढिलाई जाणवते का ते बघा. त्याहून चांगली खूण म्हणजे एका हाताने चाक गरगर फिरवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवायची. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते. ती ब्रेक शूच्या (ड्रमला आतून दाबून ब्रेक लावणारा भाग) घासण्यापेक्षा वेगळी असते. शू एका जागी लागून सुटतो, बेअरिंगची खरखर मात्र पूर्ण फेरीभर राहते.

काय काय जवळ हवं

जॅक आणि दोन मजबूत स्टँड. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, आणि स्टँडऐवजी विटा तर कधीच नाहीत, कारण वीट वाकून सूचना देत नाही, एकदम फुटते. चाकाचा पाना, मोठ्या नटाच्या मापाची गोटी, म्हणजे सॉकेट (मागच्या नटांना गाडीप्रमाणे २७, ३० किंवा ३२ मिमी अशी मापं आढळतात, आधी मोजून घ्या), गोटी फिरवायला अर्धा इंची मजबूत टॉमी आणि तिला जोडायला मीटरभर लांबीचा पाइप. टॉर्क रेंच, म्हणजे नट मोजून ठरावीक जोराने कसायचा पाना, स्वतःचा नसेल तर एका दिवसासाठी मागून आणा, पण त्याच्याशिवाय काम सुरू करू नका. शिवाय पक्कड, बारीक छिन्नी, सुंभा, हातोडा, पितळेचा किंवा मऊ लोखंडाचा दांडा, गंज सोडवणारा स्प्रे, ब्रेक क्लीनर आणि डोळ्यांना चष्मा. स्लाइड हॅमर, म्हणजे दांड्यावर वजन सरकवून बाहेरच्या दिशेने ठोका देणारं अवजार, मिळाला तर उत्तम.

सामानात त्या चाकाची दोन्ही बेअरिंग, असेल तर ऑइल सील, नवीन स्प्लिट पिन आणि मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर नवीन नट. दोन्हीपैकी एकच बेअरिंग खराब दिसलं तरी दोन्ही बदला. एवढी मेहनत महिन्याभरात परत करायची हौस कुणालाच नसते. दुसऱ्या बाजूचं चाक शांत असेल तर त्याला उगाच उघडू नका.

दुकानात बेअरिंगचा नंबर वाचता आला तर फसगत टळते. साध्या बॉल बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे, ०४ आणि त्यापुढचे असतील, तर ५ ने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिळतो. ६२०४ म्हणजे २० मिमी, ६२०५ म्हणजे २५. (०३ हा अपवाद, तो १७ मिमी.) पुढे ‘२आरएस’ असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील, ‘झेडझेड’ असेल तर पत्र्याची झाकणं. पावसापाण्यात फिरणाऱ्या चाकाला सील चांगलं. नकली माल या धंद्यात भरपूर आहे. बॉक्सवरची छपाई पुसट आणि बेअरिंगवरचा नंबर वाकडातिकडा असला तर परत करा.

ड्रम उतरवणं

सपाट, टणक जमीन निवडा. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. हे नुसतं सांगायचं म्हणून सांगितलेलं नाही. ड्रम निघण्यासाठी पुढे हँडब्रेक सोडावा लागणार आहे, आणि तेव्हा गाडीला धरून ठेवणारे तेवढेच दोघे असतील.

मोठा नट सैल करायचं काम गाडी जमिनीवर असतानाच उरका. चाकाच्या मधलं झाकण आणि त्यामागची ग्रीसची डबी स्क्रू ड्रायव्हरने कडेकडेने ठोकत काढा. आत मुकुटासारखे खाचे असलेला नट आणि त्यातून गेलेली स्प्लिट पिन दिसेल. पिनेची टोकं सरळ करून ती ओढून काढा. तुटली तर उरलेला तुकडा सुंभ्याने ठोकून बाहेर काढा. काही गाड्यांत पिन नसते आणि नटाची पातळ कड स्टबच्या खाचेत ठोकून दाबलेली असते. ती कड बारीक छिन्नीने पूर्ण उचलल्याशिवाय पाना लावलात तर स्टबचे आटे सोलवटून येतील, आणि एका नटापायी अख्खा स्टब बदलावा लागेल. असा ठोकलेला नट पुन्हा वापरायचा नाही.

आता हँडब्रेक ओढा, गोटी लावा, टॉमीला पाइप जोडा आणि वजन हळूहळू टाका. झटके देऊ नका, गोटी निसटली की बोटांची सालं जातात. आटे कुठल्या दिशेचे आहेत ते नटाबाहेर डोकावणाऱ्या टोकावर आधी बघून घ्या. नट ‘कर्र’ करून सुटला की तिथेच थांबा. मग चाकाचे नट अर्धा-अर्धा फेरा सैल करा, गाडी मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी जॅकने उचला, स्टँडवर टेकवा, बाजूने ढकलून स्थिर आहे का बघा आणि चाक काढा. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवायची गॅरेजवाल्यांची सवय आहे. ती सवय तुम्हीही उचला.

हँडब्रेक सोडा, मोठा नट आणि वॉशर काढा, ड्रम दोन्ही हातांनी धरून ओढा. आला तर नशीब. बहुतेक वेळा येत नाही, आणि अडण्याची कारणं दोन असतात. पहिलं: जुन्या ड्रमच्या आत शू जिथे घासतात तिथे खड्डा पडून कडेला ओठ तयार झालेला असतो, त्यात शू अडकतात. यावर उपाय म्हणजे आतल्या हँडब्रेक लिव्हरजवळचा केबलचा समायोजन नट सैल करणं किंवा बॅक प्लेटमधल्या (ड्रममागचा न फिरणारा पत्रा) रबरी बुचाच्या भोकातून शू मागे घेणं. दुसरं: बेअरिंग स्टबवर गंजून चिकटलेलं. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेतल्या गाड्यांना हे हमखास. फटीत स्प्रे मारून अर्धा तास थांबा, मग स्लाइड हॅमर ड्रमच्या स्टडना (चाकाचे नट ज्यांवर बसतात ते बोल्ट) बांधून सरळ रेषेत ठोके द्या. स्लाइड हॅमर नसेल तर चाक परत स्टडवर चढवा, नट फक्त पाच-सहा आटे फिरवा आणि चाक दोन्ही बाजूंनी धरून स्वतःकडे झटके द्या. मोकळ्या चाकाचं वजनच हातोड्याचं काम करतं. ड्रमच्या कडेवर मात्र हातोडा चालवू नका. ड्रम बिडाचा असतो आणि त्याचा टवका उडतो.

ड्रम बाहेर आल्यावर ब्रेकच्या पेडलला कुणाचाही पाय लागता कामा नये. शूंना अडवायला ड्रम नसताना पेडल दाबलं तर शूंना ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर उडतात आणि ब्रेक ऑइल सांडतं. आतली काळी धूळ फुंकू नका, हवेच्या नळीने तर अजिबात नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने भिजवून फडक्याने पुसा.

कधीकधी ड्रम येतो, पण आतल्या बेअरिंगची आतली रिंग स्टबवरच राहते. पुलर बसत असेल तर पुलरने काढा. नसेल तर हँड ग्राइंडरने रिंगेवर आडवी खाच पाडायची, पण आरपार नाही. कागदाएवढी जाडी उरली की थांबायचं आणि छिन्नी लावून एक ठोका द्यायचा. रिंग कडक पोलादाची असते, ती तडकून सुटते. चष्मा इथे सक्तीचा. ग्राइंडरच्या चकतीचा एक ओरखडा स्टबवर उमटला तर नवीन बेअरिंग तिथे नीट बसणार नाही.

जुनं बेअरिंग काढा, पण फेकू नका

ड्रम दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. सील असेल तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढा. काही मॉडेलांत बेअरिंगला सर्क्लिप (खाचेत बसून बेअरिंग अडवणारी कडी) असते, ती आधी सर्क्लिप पक्कडीने काढायची. ती तशीच ठेवून ठोकत बसणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक.

आता मधला स्पेसर दांड्याने एका बाजूला ढकला. तो थोडा सरकतो आणि पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या रिंगेची कड उघडी पडते. तिच्यावर दांडा टेकवून ठोका द्या, मग स्पेसर उलट बाजूला ढकलून समोरच्या जागी ठोका. असं आलटूनपालटून. एकाच जागी ठोकत राहिलात तर बेअरिंग तिरकं होऊन भोकात रुततं आणि भोकाला चर पाडतं. पहिलं निघालं की स्पेसर हातात येतो, दुसरं सरळ ठोकता येतं.

निघालेली बेअरिंग रॉकेलने धुऊन उजेडात बघा, कारण गाडीला काय झालंय ते तिथे लिहिलेलं असतं. गंजाचे ठिपके आणि पांढरट, दुधाळ ग्रीस म्हणजे पाणी गेलं. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यातून गाडी जाते तेव्हा चालून तापलेलं बेअरिंग एकदम गार होतं, आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठावरून पाणी आत ओढलं जातं. धावपट्टी, म्हणजे रिंगेतला गोळे फिरण्याचा चर, निळी-तपकिरी पडली असेल तर ग्रीस संपलं किंवा बेअरिंग जादा दाबाखाली फिरत होतं. गोळ्यांच्या अंतराने सारखे खळगे दिसले तर मोठा आदळा बसला, किंवा मागच्या वेळी बसवणाऱ्याने चुकीच्या जागी ठोकलं. आणि आतल्या रिंगेचं भोक चकचकीत घासलेलं असेल, तर रिंग स्टबवर फिरत होती. तेव्हा स्टब मायक्रोमीटरने मोजून घ्या. झिजलेल्या स्टबवर नवीन बेअरिंग बसवणं म्हणजे नव्या बेअरिंगचे पैसे पाण्यात.

नवीन बसवणं: ठोका कुठे पडतो त्यावर सगळं

नियम एकच आहे. जी रिंग घट्ट बसवायची, जोर तिच्यावरच द्यायचा. ड्रमच्या भोकात बाहेरची रिंग घट्ट बसते, म्हणून ड्रममध्ये घालताना फक्त बाहेरच्या रिंगेवर दाब. स्टबवर चढवताना आतल्या रिंगेवर. आतल्या रिंगेवर ठोकून बेअरिंग ड्रममध्ये घातलं तर प्रत्येक ठोका गोळ्यांमधून जातो आणि धावपट्टीवर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात. फिरवून पाहिलं तर बेअरिंग छान फिरतं. काही दिवसांनी तोच ‘हूंऽऽ’ परत येतो, आणि दोष मालाच्या माथी मारला जातो.

भोक ब्रेक क्लीनरने स्वच्छ करा, बारीक खरवड असेल तर पॉलिश पेपरने काढा आणि किंचित तेल लावा. बेअरिंग पिशवीत बांधून दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवलेलं असू द्या. ड्रम उन्हात किंवा हॉट एअर गनने हाताला चटका बसेल इतका तापवा. यात जादू नाही, हिशोब आहे. ४७ मिमीचं बिडाचं भोक आणि त्यात जाणारं बेअरिंग यांच्या तापमानात १०० अंशांचा फरक पडला तर साधारण ०.०५ मिमी मोकळीक मिळते, आणि घट्ट बसण्यासाठी ठेवलेला फरक बहुधा याहून कमी असतो. घरी एवढा फरक साधत नाही, पण निम्मा साधला तरी ठोके निम्मे लागतात. बेअरिंगला गॅसची ज्योत मात्र दाखवू नका, आतलं ग्रीस आणि सील दोन्ही जातील.

जवळ हायड्रॉलिक प्रेसवाला असेल तर ड्रम, बेअरिंग आणि स्पेसर घेऊन त्याच्याकडे जा, पण वरचा नियम त्यालाही सांगा. घरी करायचं तर जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग किंवा तेवढ्याच व्यासाची गोटी मध्ये ठेवून ठोका. बेअरिंग सरळ जातंय का ते प्रत्येक दोन-तीन ठोक्यांनी बघा. टेकलं की आवाज बदलतो, पोकळ ‘ठण’ऐवजी भरीव ‘ठप’. तिथे थांबा.

ग्रीसचं प्रमाण माफक ठेवा. दोन्ही बाजूंना सील असलेल्या बेअरिंगमध्ये ते आधीच भरलेलं असतं. उघडं असेल तर लिथियमचं चाकाचं ग्रीस, दुकानात ‘एपी-३’ म्हणून मागा, गोळ्यांमध्ये बोटाने दाबून भरा आणि मधल्या पोकळीत तिसरा हिस्सा ते अर्धी एवढंच. पोकळी ठासून भरली तर तापल्यावर ग्रीस वाट शोधतं, आणि ती वाट ब्रेक शूकडे जाते.

मग स्पेसर. तो घातल्याशिवाय दुसरं बेअरिंग ठोकलंत तर सगळं पुन्हा काढावं लागेल. आणि विसरूनच गाडी जोडलीत तर नट कसताना दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातील, गोळे कडेवर दाबून चालतील आणि बेअरिंग तापून जाम होईल. दुसरं बेअरिंग त्याच्या आतल्या रिंगेने स्पेसरला टेकेपर्यंतच न्या. आत बोट घालून स्पेसर जोर लावल्यावर जेमतेम सरकायला हवा. खुळखुळत असेल तर अजून थोडं आत, अगदीच आवळला असेल तर प्रमाणाबाहेर गेलं.

सीलचा ओठ आतल्या बाजूला ठेवून, ग्रीसचं बोट लावून सील बसवा. ड्रमचा आतला भाग आणि शू यांवर बोटांचे ग्रीसचे ठसे राहू देऊ नका, ब्रेक क्लीनरने पुसा.

जोडणी आणि नट

स्टब पुसून तेलाचा पातळ हात द्या, ड्रम सरळ सरकवा. शेवटचं थोडं अंतर राहिलं तर आतल्या रिंगेवर नळी ठेवून ठोका, ड्रमवर नाही. वॉशर, मग नट. ड्रम हाताने फिरवत नट कसत जा, म्हणजे गोळे जागेवर बसतात.

टॉर्कचा आकडा तुमच्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या, शेजाऱ्याच्या गाडीचा नको. तो मॉडेलप्रमाणे बराच बदलतो. अंदाजासाठी: मीटरभर लांब पाइपच्या टोकाला १० किलोचा जोर म्हणजे साधारण ९८ न्यूटन मीटर. स्पेसर असलेल्या बॉल बेअरिंगला पूर्ण टॉर्क द्यायचाच असतो. ‘जास्त कसलं तर बेअरिंग जाम होईल’ या भीतीने नट ढिला ठेवला तर आतली रिंग स्टबवर फिरायला लागते आणि स्टब खाते. टॉर्क लागल्यावर पिनेचं भोक आणि नटाची खाच जुळली नाही तर नट थोडा पुढे कसा, मागे सोडू नका. नवीन पिन घालून टोकं दुमडा आणि डबी ठोकून बसवा.

हीच गोष्ट टेपर रोलर बेअरिंगच्या (गोळ्यांऐवजी निमुळते रोलर असलेल्या) गाड्यांत अगदी उलट आहे. तिथे ड्रम फिरवत नट कसून रोलर बसवायचे, मग नट मागे सोडायचा आणि इतपतच लावायचा की मागचा वॉशर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने बोटाच्या जोरावर जेमतेम सरकेल. एका गाडीची सवय दुसरीवर लावल्याने बेअरिंग जळतात.

बोल्टवाला हब असेल तर

अनेक नव्या गाड्यांत ड्रम वेगळा निघतो आणि हब-बेअरिंगचा अख्खा गोळा मागून, बहुधा चार बोल्टांनी बसवलेला असतो. इथे काही दाबून बसवायचं नसतं. बोल्ट सोडवले तरी गंजामुळे गोळा हलत नाही, तेव्हा चारही बोल्ट अर्धे बाहेर ठेवून त्यांच्या डोक्यांवर मागून आलटूनपालटून ठोका. तेच बोल्ट बॅक प्लेटही धरत असतील तर ती तारेने बांधा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका. एबीएसचा (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सर आधी सोडवून बाजूला करा. एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत एबीएस सक्तीचं असल्याने तो असणारच. बऱ्याच गोळ्यांत सेन्सरसाठी चुंबकीय कडं असतं. त्याला लोखंडाचा कीस किंवा चुंबक लागू देऊ नका, नाहीतर मीटरवर पिवळा दिवा लागून राहील.

रस्त्यावर नेण्याआधी

हँडब्रेकची केबल सैल केली असेल तर परत घट्ट करा आणि शूंचं अंतर जुळवा. ड्रम फिरवताना किंचित घासण्याचा आवाज यावा, अडू नये. चाक लावा, गाडी खाली घ्या, चाकाचे नट समोरासमोर या क्रमाने टॉर्क रेंचने कसा. मग गाडी सुरू करण्याआधी पेडल दहा-बारा वेळा दाबा. पहिल्या एक-दोन दाबांना ते जमिनीपर्यंत जाईल, नंतर घट्ट झालंच पाहिजे. झालं नाही तर गाडी हलवू नका.

मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात दोन-तीनदा ब्रेक लावून बघा, मग दहा-पंधरा किलोमीटर फिरून या. शेवटचा पल्ला ब्रेक कमीत कमी लावत या, नाहीतर ड्रम ब्रेकने तापतात आणि फसवतात. थांबल्यावर दोन्ही मागच्या चाकांच्या मध्याजवळ हात न्या. आधी नुसता जवळ, मग टेकवून. दोन्हीकडची ऊब सारखी हवी. काम केलेल्या बाजूला हात टेकवत नसेल तर शू घासतायत, नाहीतर स्पेसर कुठेतरी चुकला आहे. ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासा.